टोंगळा

तुम्ही गुडघा म्हणता, आमच्याकडे टोंगळा.
दुखते ते आतल्या बाजूनं,
बोटभर जागा. दाबली की दात आपोआप मिटतात.

सहा वर्षं.
एरंडाचं पान बांधलं, निरगुडीचा शेक घेतला,
दारव्ह्याच्या एकानं तीन सुया टोचल्या, तीन महिने बरे गेले.
कुंदा म्हणे, तुमचे पायच कमानी.
मी म्हणे, बापाचेही असेच होते,
त्याच्या दोन पायांतून कुत्रं निघून जाई.

यवतमाळले उभं करून फोटो काढला,
खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एका फिल्मवर.
डॉक्टरीण तिशीतली, आडनाव लांजेवार.
तिनं पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली
खुब्याच्या मधातून घोट्याच्या मधात.
टोंगळ्यातून जायची ती रेघ
आतल्या अंगानं बाजूनंच निघून गेली,
पाहुणा ओळखीच्या घरावरून न थांबता जाते तशी.

मी सुतार माणूस.
तीस वर्षं गावाच्या चौकटी बसवल्या
एक डोळा मिटून, ओळंबा सोडून.
स्वतःवर कधी धरला नाही.

"वाटी बदलता काय?"
"वाटी अजून चांगली आहे, मामा.
खालचं हाड तिरपं आहे, सगळा भार एकाच बाजूला पडतो."
"मंग?"
"नळीचं हाड आतून कापायचं,
फट उघडायची, पाचर बसवायची."

पाचर!
बाई पाचर म्हणे, अन् मले.
"कशाची?"
"तुमच्याच कमरेच्या हाडाची."
म्हणजे घरचंच लाकूड.
तिथंच अंगठ्याजवळ सही केली मी,
कुंदाले इचारायचं राहून गेलं.

पाठीत सुई दिली. कमरेखाली मी मेलो,
वरचा सारा जिवंत. मधात हिरवा पडदा.
मग करवत. बारीक दात्याची,
आवाजावरून सांगतो, धार चांगली होती.
चालता चालता एकदम थांबली.
मनात म्हटलं, शाब्बास, पलीकडची साल राहू दे पोरी,
आरपार गेलीस तर बिजागरी कशाची करशील?
मनात नसेल म्हटलं,
कारण पडद्यापलीकडून कोणी हसलं
अन् बाई बोलली, "साल ठेवली आहे, मामा. झोपा आता."

पाचर ठोकली तेव्हा दुखलं नाही.
पण टेबलासकट हाललो,
खुंटा मारताना पाट हालतो तसा.
पट्टी एक, स्क्रू आठ. नंतर फोटोत मोजले.

दीड महिना पाय टेकवायचा नाही.
कुंदा रंधा मारे, मी खाटेवरून सांगे,
"उलटा चालला, रेषा पाय लाकडाची."
ती म्हणे, तुम्ही तुमची रेघ पाहा.
साऱ्या गावाले स्टूल करून दिले मी,
अन् बसायले म्हणून घरात एक निघाला नाही.
शेजारच्या नेवारेकडून आणला, माझ्याच हातचा,
एक पाय आखूड. त्यानं कधी सांगतलं नाही.

पाचव्या महिन्यात बन्सोडकडे दार बसवायले गेलो.
उभं केलं, उचललं, घासलं, पुन्हा बसवलं.
दुपारी भाकर मोडताना बन्सोडनं इचारलं,
टोंगळा काय म्हणते?
तेव्हा ध्यानात आलं, सकाळपासून त्याची आठवणच नाही.
सहा वर्षांचा सोबती
न सांगता उतरून गेला
कोण्या फाट्यावर, कोण जाणे.
घास तसाच हातात राहिला.

आता उजवा सरळ, डावा बापाचा.
ओल्या मातीत पाहिलं तर
दोन माणसं एकेका पायानं चालत गेल्यासारखं वाटते.
उजवी चप्पल सारखी झिजते, डावी अजून बाहेरूनच.
बाई म्हणते, डावा बोलायला लागला की या.
मी हो नाही म्हटलं, नाहीही नाही म्हटलं.

आमचं कुत्रं येते, दोन पायांच्या मधात थांबते,
वर पाहते,
अन् वळसा घालून जाते.